ईसीजीची पट्टी काय सांगते, काय सांगत नाही

(सामुदायिक रेडिओच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या एका डॉक्टरताईंनी केलेलं भाषण)

दुपारची कामं आटोपून रेडिओ लावून बसलेल्या सगळ्या जणींना नमस्कार, आणि शेंगा फोडत, वाती वळत ऐकणाऱ्या आज्ज्यांनाही नमस्कार.

आज मी ईसीजीबद्दल बोलणार आहे. छातीत दुखलं, धडधड झाली, ऑपरेशन ठरलं की दवाखान्यात आडवं निजवून जो कागद काढतात तो ईसीजी. कोणी त्याला कार्डिओग्राम म्हणतं, कोणी नुसतं ‘पट्टी काढली’ म्हणतं. हा कागद आता जवळजवळ प्रत्येक घरात कुठल्या तरी पिशवीत सापडतो. पण त्याच्याबद्दल मला दोन वाक्यं सारखी ऐकायला मिळतात. पहिलं असं, “ईसीजी नॉर्मल आला, म्हणजे हार्टचं काही नाही, गॅसच असणार.” आणि दुसरं असं, “पट्टीत फॉल्ट निघाला, आता माझं काही खरं नाही.”

ही दोन्ही वाक्यं अर्धवट आहेत. पहिल्या वाक्यामुळे बाई घरी परत जाते आणि मोलाचे तास हातचे निघून जातात. दुसऱ्यामुळे एखादी धडधाकट बाई वर्षभर जीव मुठीत धरून बसते. म्हणून पट्टी वाचतात कशी, ते आज समजून घेऊ. तुम्हाला डॉक्टर करायचं नाही मला. पण पट्टीपुढे बसलेल्या डॉक्टरांना नेमकं काय सांगायचं आणि काय विचारायचं, ते तुम्हाला कळलं पाहिजे.

आधी हृदय म्हणजे काय ते पाहू. विहिरीवरची मोटार डोळ्यांसमोर आणा. मोटारीला वीज लागते. वीज आली की पंप फिरतो. आणि पाणी पाइपातून जातं. वीज, पंप आणि पाइप, तिन्ही नीट असतील तर शेत भिजतं. हृदयाचंही तसंच आहे. उजव्या वरच्या कप्प्यात एक छोटी जागा असते, तिथून दर ठोक्याला विजेची बारीकशी लाट निघते. ती आधी वरच्या दोन कप्प्यांत पसरते, मध्ये क्षणभर थांबते आणि मग खालच्या दोन मोठ्या कप्प्यांत जाते. लाट पोहोचली की स्नायू आवळतो आणि रक्त पुढे ढकललं जातं.

ईसीजी या विजेची नोंद करतो. फक्त विजेची. पंप किती जोरात चालतो ते इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत दिसतं. पाइप, म्हणजे हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिन्या, कुठे तुंबल्यात ते अँजिओग्राफीत दिसतं. ईसीजीला पाइप दिसत नाही. पाइप तुंबला आणि स्नायूला रक्त कमी पडायला लागलं, तर त्या स्नायूची वीज बदलते आणि मग ते पट्टीवर उमटतं. स्नायू अजून तग धरून असेल, तर वीज जशीच्या तशी दिसू शकते. ‘नॉर्मल’ पट्टीचा निम्मा उलगडा इथेच होतो.

हे यंत्र आलं कुठून? हॉलंडमधल्या लायडन गावी विलेम आइन्थोव्हेन नावाचे प्राध्यापक होते. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला त्यांनी हृदयाची वीज अचूक नोंदवणारं यंत्र बनवलं. ते सुमारे २७० किलो वजनाचं होतं आणि चालवायला पाच माणसं लागायची. रुग्णाला दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावं लागे. यंत्र हलवता येईना, म्हणून त्यांनी दीडेक किलोमीटरवरच्या रुग्णालयापासून आपल्या प्रयोगशाळेपर्यंत टेलिफोनच्या तारेतून नोंद आणली. आज खेड्यातला ईसीजी मोबाईलवर शहरातल्या डॉक्टरांना पाठवतात, त्या कल्पनेचं मूळ इतकं जुनं आहे. आइन्थोव्हेन यांना १९२४ सालचं नोबेल पारितोषिक मिळालं. पट्टीवरच्या लाटांना त्यांनी पी, क्यू, आर, एस, टी अशी नावं दिली, तीच आपण आजही वापरतो.

आता कागद पाहू. गुलाबी किंवा लालसर चौकोनांचा कागद असतो. लहान चौकोन एक मिलिमीटरचा, आणि पाच लहान चौकोनांचा एक मोठा. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, म्हणून एक लहान चौकोन म्हणजे सेकंदाचे शंभरातले चार भाग आणि मोठा चौकोन म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. ठोके नियमित असतील तर दोन उंच टोकांमधले मोठे चौकोन मोजायचे आणि ३०० ला त्या आकड्याने भागायचं. चार चौकोन आले तर मिनिटाला ७५ ठोके. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाचे ६० ते १०० ठोके सर्वसाधारण धरतात.

पहिला छोटा उंचवटा म्हणजे पी, वरचे कप्पे. मग उंच टोकदार सुळका म्हणजे क्यूआरएस, खालचे मोठे कप्पे. शेवटचा गोलसर उंचवटा म्हणजे टी, स्नायू पुन्हा तयार होतोय त्याची खूण. सुळका आणि टी यांच्यामध्ये एक सपाट रेघ असते, तिला एसटी म्हणतात. हार्ट अटॅकच्या वेळी डॉक्टरांची नजर आधी या रेघेवर जाते. ती वर उचलली गेली असेल तर एखादी मोठी रक्तवाहिनी पूर्ण बंद झाल्याची शक्यता मोठी. खाली दबली असेल तर रक्त कमी पडत असल्याची शक्यता. दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या, पण उचललेली रेघ म्हणजे घड्याळाशी शर्यत.

आपल्या अंगाला दहा ठिकाणी तारा लावतात, चार हातापायांना आणि सहा छातीवर. त्यांतून बारा नोंदी मिळतात. एखाद्या वाड्याभोवती बारा ठिकाणी उभं राहून पाहावं, तसं हे बारा बाजूंनी हृदय पाहणं आहे. छातीवरच्या पहिल्या चार नोंदींत, व्ही-१ ते व्ही-४ मध्ये, रेघ उचलली तर हृदयाच्या पुढच्या भिंतीचा त्रास. दोन, तीन आणि एव्हीएफ या नोंदींत उचलली तर खालच्या भिंतीचा. ही खालची भिंत लक्षात ठेवा. ती पोटाच्या पडद्याला टेकलेली असते. तिथला अटॅक आला की पुष्कळदा पोटाच्या वरच्या भागात, बेंबीच्या वर दुखतं, मळमळतं, उलटी होते. म्हणजे अगदी पित्तासारखं! आणि हृदयाच्या पाठीमागच्या भिंतीकडे या बारांपैकी एकही नोंद थेट पाहत नाही. संशय आला तर डॉक्टर पाठीवर तारा लावून जास्तीची नोंद घेतात.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. एक ईसीजी म्हणजे साधारण दहा सेकंदांची नोंद. दहा सेकंद! पहाटे दुखलं, आठ वाजता पट्टी काढली, तर पट्टी आठ वाजताचं सांगते. पहाटेचं सांगत नाही आणि दहा वाजता काय होईल तेही सांगत नाही.

समजा, एक पन्नाशीतली बाई आहे. ही कोणा एकीची गोष्ट नाही, अशा कितीतरी असतात. हिला मधुमेह आहे, ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे. सकाळी साडेसहाला पाणी भरताना छातीवर दडपण आलं, जबडा जड झाला, अंगाला घाम सुटला. तिने ओवा खाल्ला. साडेसातला सासूबाई म्हणाल्या, “अगं, चेहरा बघ तुझा, पांढराफटक पडलाय, चल दवाखान्यात.” आठ वाजता पट्टी काढली. नॉर्मल. आता दोन वाटा फुटतात. एका वाटेने ती पित्ताची गोळी घेऊन घरी जाते. दुसऱ्या वाटेने ती म्हणते, “डॉक्टर, दडपण अजून आहे. थोड्या वेळाने परत पट्टी काढाल का?” वीस मिनिटांनी परत काढली, तर खालच्या भिंतीच्या नोंदींत रेघ किंचित उचललेली. आणखी वीस मिनिटांनी चांगलीच उचललेली. बाई तीच आणि यंत्रही तेच. फरक पडला तो थांबण्यामुळे आणि विचारण्यामुळे.

हे माझ्या मनाचं नाही. छातीत दुखत असलेल्या माणसाचा पहिला ईसीजी दवाखान्यात पोहोचल्यापासून दहा मिनिटांच्या आत काढावा, आणि तो निर्णायक नसेल पण त्रास चालू असेल, तर पंधरा ते तीस मिनिटांच्या अंतराने पुन्हा काढावा, असंच हृदयरोगाच्या शास्त्रात शिकवतात. जोडीला ट्रोपोनिन नावाची रक्ताची तपासणी असते. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हा पदार्थ रक्तात उतरतो. पण त्यालाही काही वेळ लागतो. दुखायला लागल्यावर लगेच घेतलेलं पहिलं रक्त नॉर्मल येऊ शकतं, म्हणून ते काही तासांनी पुन्हा तपासतात. शिवाय एसटीची रेघ न उचलताही हार्ट अटॅक येतो. अशा वेळी पट्टी जवळजवळ साधी दिसते आणि ट्रोपोनिन खरं काय ते सांगतं.

म्हणून, मैत्रिणींनो, त्रास चालू असेल तर एका नॉर्मल पट्टीला घरी जायची परवानगी समजू नका. डॉक्टरांनी तुमची हकिगत ऐकून, पट्टी पाहून, लागलं तर रक्त तपासून घरी सोडलं, तर जरूर जा. नुसत्या कागदाकडे पाहून आपणच “काही नाही” म्हणत उठू नका.

आता बायकांसाठी खास. छातीत दुखणं, दडपण येणं हे बायकांमध्येही हार्ट अटॅकचं सगळ्यात नेहमीचं लक्षण आहे. पण त्याबरोबर किंवा कधी त्याच्याशिवायही दम लागणं, पाठीत किंवा दोन्ही खांद्यांत दुखणं, जबडा दुखणं, मळमळ, कारण नसताना गळून जाणं ही लक्षणं बायकांना जास्त होतात. मधुमेह असेल तर दुखणं आणखीच अस्पष्ट असतं. आणि आपण हे “दगदग झाली” या दोन शब्दांत गुंडाळून टाकतो. पाळी गेल्यानंतर बायकांमधला हा धोका वाढत जातो, हेही विसरू नका.

पट्टी वाचतानाही बायकांचा वेगळा हिशोब आहे. छातीवरच्या व्ही-२ आणि व्ही-३ या नोंदींत चाळिशीच्या पुढच्या पुरुषाची रेघ दोन मिलिमीटर उचलली तर ती गंभीर धरतात. बाईच्या बाबतीत दीड मिलिमीटरच पुरेशी आहे. म्हणजे बाईच्या पट्टीवर थोडीशी दिसणारी खूणही कमी लेखायची नसते. उलट काही निरोगी बायकांमध्ये व्ही-१ ते व्ही-३ मधली टी लाट उलटी असते आणि त्यात आजार काहीच नसतो. मग ठरवायचं कसं? जुनी पट्टी पाहून. पाच वर्षांपूर्वीही ती तशीच उलटी असेल तर ती तुमची ठेवणच आहे. आज पहिल्यांदाच उलटली असेल तर विचार करायला हवा.

म्हणून सांगते, जुन्या पट्ट्या टाकू नका. या कागदावर उष्णतेने छपाई होते, त्यामुळे तो हळूहळू पुसट होतो. त्याची झेरॉक्स काढा, मोबाईलवर फोटो काढा आणि मुलाला, लेकीला पाठवून ठेवा. जपून ठेवायचं म्हणून गरम लॅमिनेशन मात्र करू नका, सगळा कागद काळा पडेल.

आता संकोचाबद्दल बोलू. ईसीजी नीट यायचा तर तारा नेमक्या जागी आणि थेट त्वचेवर बसल्या पाहिजेत. छातीवरच्या काही तारा स्तनाच्या खाली लावाव्या लागतात. आपण ब्लाउज सोडत नाही, काढणारा पुरुष असेल तर तोही बिचारा संकोचतो, आणि मग वाट्या जिथे जागा मिळेल तिथे, दोन बोटं वर बसतात. मग पट्टी भलतंच काही सांगते. ‘आर वेव्ह नीट वाढत नाही’ असा शेरा पुष्कळदा नुसत्या चुकीच्या जागी लावलेल्या तारांमुळे येतो. उपाय सोपा आहे. “सिस्टरना बोलवा,” असं सांगा. “पडदा ओढा, वरून चादर द्या,” असं सांगा. हा तुमचा हक्क आहे. पण छाती मोकळी करायला नाही म्हणू नका. त्या पाच मिनिटांच्या लाजेपायी चुकीचं निदान ओढवून घेऊ नका.

बांगड्या काढाव्या लागतात का, मंगळसूत्र उतरवावं लागतं का, असं फार जणी विचारतात. नाही. बांगड्या वर सरकवायच्या, मंगळसूत्र बाजूला करायचं, चिमटा त्वचेला लागला की झालं. शॉक बसतो का? नाही, यंत्र अंगात वीज सोडत नाही, अंगातली वीज फक्त नोंदवतं. गरोदरपणातही ईसीजी काढायला हरकत नाही. काढताना बोलू नका, अंग सैल सोडा. थंडीने किंवा भीतीने कापरं भरलं तर रेघ करवतीसारखी येते, तेव्हा पांघरूण मागून घ्या.

आता दुसऱ्या वाक्याकडे वळते, “पट्टीत फॉल्ट निघाला.” हल्ली यंत्र स्वतःच कागदावर इंग्रजीत शेरा छापतं. शेजारी बहुतेक वेळा ‘अनकन्फर्म्ड’ असंही छापलेलं असतं, म्हणजे डॉक्टरांनी अजून पाहिलेलं नाही. ते यंत्राचं मत असतं. निदान डॉक्टर करतात. काही नेहमीचे शब्द सांगते.

‘सायनस रिदम’ म्हणजे ठोका योग्य जागेतून निघतोय. ही चांगली गोष्ट आहे. ‘सायनस’ शब्द पाहून नाकाचा सायनस समजू नका! ‘टॅकिकार्डिया’ म्हणजे ठोके शंभराच्या वर. ताप, भीती, रक्त कमी असणं, थायरॉइड, अशी अनेक कारणं असतात. ‘नॉन-स्पेसिफिक एसटी-टी चेंजेस’ म्हणजे थोडा बदल आहे, पण त्यावरून एकच एक आजार सांगता येत नाही. त्रास नसेल तर तो पुष्कळदा निरुपद्रवी असतो. छातीत दुखत असेल तर तोच शेरा दुसरी पट्टी काढायला लावतो. ‘आरबीबीबी’ म्हणजे उजवीकडच्या वायरीत विजेला उशीर होतो. हे निरोगी माणसातही सापडतं. ‘एलबीबीबी’, म्हणजे डावीकडचा अडथळा, आला तर इको करून कारण शोधावं लागतं. ‘एलव्हीएच’ म्हणजे डाव्या कप्प्याची भिंत जाड झाल्याची शंका. बहुतेक वेळा ब्लडप्रेशर बरीच वर्षं वाढलेलं असतं. तेव्हा गोळ्या नियमित आहेत ना ते पाहा.

एक शब्द मात्र कधीच दुर्लक्षून चालणार नाही, ‘एट्रियल फिब्रिलेशन’. यात वरचे कप्पे नुसते थरथरतात आणि ठोके अगदी अनियमित पडतात. कप्प्यात रक्त साकळून गुठळी होऊ शकते, ती मेंदूत गेली तर लकवा होतो. लहानपणी घसा आणि सांधे सुजून संधिवाताचा ताप आला असेल आणि त्याने हृदयाची झडप आकसली असेल, तर तरुण बाईलाही हे होतं. गरोदरपणात दम लागायला लागल्यावर अशी झडप पहिल्यांदा लक्षात येणाऱ्या बायका आपल्याकडे आजही दिसतात. म्हणून पट्टीवर हा शब्द दिसला, तर त्रास असो वा नसो, डॉक्टरांकडे जायचंच.

आणि कधीमधी दोन मिनिटं धडधड होऊन थांबत असेल, तर नेमक्या त्या वेळी पट्टी निघणार कशी? अशा वेळी होल्टर नावाचं छोटं यंत्र चोवीस तास किंवा जास्त काळ अंगावर लावून देतात. चालताना, जिना चढताना छाती भरून येते आणि बसल्यावर बरं वाटतं, असं असेल तर निजून काढलेली पट्टी नॉर्मल येऊ शकते. डॉक्टरांना “चढ चढताना होतं” हे शब्द मुद्दाम सांगा, म्हणजे पुढच्या तपासण्या ठरवता येतात.

वही जवळ असेल तर आता चार गोष्टी लिहून घ्या.

एक. त्रास किती वाजता सुरू झाला ते नीट सांगा. “सकाळपासून” असं सांगू नका, “साडेसहाला, पाणी भरताना” असं सांगा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टी, यांचा हिशोब या वेळेवरून होतो. इंजेक्शनचा उपयोग साधारण पहिल्या बारा तासांत असतो, आणि पहिल्या दोन-तीन तासांत सगळ्यात जास्त. पोहोचायला उशीर झाला तर तेवढा स्नायू गेला, तो परत येत नाही.

दोन. डॉक्टरांना विचारा, “त्रास चालू आहे, पट्टी पुन्हा काढायची का? ट्रोपोनिन करायचं का?” हे विचारण्यात उद्धटपणा काहीच नाही. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

तीन. तुमच्या गावाजवळ ईसीजी रात्री कुठे निघतो, गुठळीचं इंजेक्शन कुठे मिळतं, अँजिओप्लास्टी कुठे होते, याची चौकशी दुखणं नसताना करून ठेवा. आशाताईंना विचारा. १०८ नंबरची रुग्णवाहिका फुकट आहे, तो नंबर घरातल्या शाळकरी पोरालाही पाठ असू द्या. दुखत असलेल्या बाईला दुचाकीवर मध्ये बसवून नेऊ नका.

चार. जुन्या पट्ट्या आणि चालू गोळ्यांची नावं एका प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये घाला आणि फाइल कुठे आहे ते घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

शेवटी एवढंच म्हणते. यंत्र दहा सेकंदांचं सांगतं. त्याच्या आधीचं आणि नंतरचं, घाम कधी सुटला, दम कधी लागला, हे सगळं फक्त तुम्हालाच माहीत असतं. तुमच्या सांगण्याशिवाय पट्टी अर्धीच वाचली जाते. तेव्हा “स्वयंपाक उरकला की बघू,” “हे घरी आले की जाऊ” असं म्हणू नका. आमटी उतू गेली तर जाऊ द्या. आधी उठा आणि सांगा.

तुमचे प्रश्न आकाशवाणी केंद्रासारखे मोठ्या पत्त्यावर पाठवायला नकोत, आपल्या रेडिओ केंद्रावर चिठ्ठी टाकली तरी माझ्यापर्यंत पोहोचते. पुढच्या वेळी ब्लडप्रेशरच्या गोळ्यांबद्दल बोलू. नमस्कार.